तळणारीचे पान

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेल्या पाककृती-प्रात्यक्षिकाच्या वेळी केलेले भाषण)



वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात पाककृतीचा एक तास असावा आणि तो मी घ्यावा, असे चिटणीसबाईंनी मला सांगितले, तेव्हा विषय त्यांनीच ठरवून ठेवला होता. कार्यक्रमपत्रिकेत तो असा छापला आहे : 'केळ्याचे डोनट – तेलाशिवाय तळलेले'. पत्रिका छापून झाल्यावर तिच्यात दुरुस्ती करता येत नाही. पण भाषणात करता येते. तेलाशिवाय काही तळता येत नाही. तळणे म्हणजेच तेलातुपात शिजविणे. एअर फ्रायर नावाचे जे यंत्र आज या टेबलावर मांडले आहे, ते तळत नाही, ते भाजते. नावात तळणे आहे, पण जात भट्टीची आहे. एवढी एक गोष्ट आरंभीच नीट समजून घेतली, म्हणजे या यंत्राविषयीच्या निम्म्या तक्रारी आपोआप मिटतील, अशी माझी खात्री आहे.

प्रथम डोनटविषयी दोन शब्द. हा पदार्थ आपण अमेरिकेचा समजतो. परंतु त्याचे माहेर हॉलंडात आहे. सतराव्या शतकात आजच्या न्यू यॉर्कच्या जागी डच लोकांनी वसाहत केली, तेव्हा ते 'ओलीकूक' नावाचा पदार्थ आपल्याबरोबर घेऊन गेले. त्या शब्दाचा अर्थच मुळी 'तेलातला केक'. वॉशिंग्टन अर्व्हिंग या लेखकाने १८०९ मध्ये न्यू यॉर्कच्या इतिहासावर एक विनोदी पुस्तक लिहिले. त्यात या तळलेल्या गोड गोळ्यांचा 'डोनट' या नावाने उल्लेख आहे. गोळे हा शब्द लक्षात ठेवा. दुकानात दिसणारी मधल्या भोकाची कडी नंतरची. मूळ रूप गोळ्याचेच. तेव्हा आज मी लहान लहान गोळे करून दाखवणार आहे, ते पाहून "यांना भोक कोठे आहे?" असे कोणी विचारू नये!

आणखी एक गंमत. एअरफ्रायर या नावाचे यंत्र २०१० मध्ये बाजारात आणले ते फिलिप्स या कंपनीने, आणि तीही डचच. म्हणजे तेलातला केक ज्या देशाने जगाला दिला, त्याच देशाच्या कंपनीने तेल टाळण्याचे यंत्रही दिले!

पण आपल्याला हा पदार्थ परका वाटण्याचे कारण नाही. आपल्याकडे आषाढात 'आखाड तळतात', त्या वेळी कापण्या आणि तिखटमिठाच्या पुऱ्यांबरोबर कणीक-गुळाचे गुलगुले होतात. त्यात पिकलेले केळे कुस्करून घालणाऱ्या कितीतरी जणी या सभागृहात असतील. गोव्याकडे केळ्याचे मुळीक करतात. मंगळूर-उडपीकडचे केळ्याचे बन्स तर आता मुंबई-पुण्याच्या उपाहारगृहांतही मिळतात. पिकलेले केळे, पीठ आणि गोडवा यांची सोयरीक आपल्या घरातली जुनीच आहे. नवी आहे ती फक्त भाजण्याची रीत.

आता यंत्राकडे वळू. याच्या वरच्या बाजूला विजेची तापणारी तार आहे आणि तिच्यावर पंखा आहे. पंखा गरम हवा जोराने खाली ढकलतो. ती हवा जाळीच्या टोपलीतून पदार्थाभोवती खेळते आणि पुन्हा वर जाते. यापलीकडे यात जादू नाही. गरम तेल पदार्थाला सर्व बाजूंनी एकदम भिडते आणि आपली उष्णता त्याला झटकन देते. हवा तशी उदार नाही. तिची उष्णता हळूहळू मिळते. म्हणून तर तिला पंख्याने पळवावे लागते, आणि म्हणूनच पदार्थ लहान, सुटे आणि एका थरात ठेवावे लागतात.

यातून दुसरी गोष्ट निघते. गुलगुल्यांचे सैल पीठ कढईत सोडले की तेलाच्या स्पर्शासरशी ते वरून आवळते आणि फुगते. तेच पीठ या टोपलीत सोडाल, तर आवळण्यापूर्वीच ते जाळीतून खाली गळेल. भज्यांचेही तसेच. तेव्हा जुनी कृती जशीच्या तशी उचलून या यंत्रात टाकू नये. पीठ यंत्राच्या स्वभावाप्रमाणे घट्ट करून घ्यावे. नव्या सुनेकडून पहिल्या दिवशीच सासरच्या चवीची आमटी मागणे जसे रास्त नाही, तसेच हे.

आता केळ्याविषयी. आपल्या राज्यात केळे म्हटले की जळगाव आठवते. रावेर, यावलकडच्या मळ्यांतून ती गावोगाव जातात, आणि जळगावच्या केळ्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. डझनभर केळी घरी आणावी, आठ खाल्ली जावी आणि उरलेल्या चारांवर काळे ठिपके पडले की कोणी त्यांच्याकडे पाहू नये, हा घरोघरचा अनुभव आहे. आज आपल्याला हवी आहेत ती नेमकी हीच चार. कच्च्या केळ्याच्या गरात सुमारे वीस टक्के पिष्टमय भाग असतो. केळे पूर्ण पिकले की तो एक-दोन टक्क्यांवर येतो आणि बाकीच्याची साखर झालेली असते. म्हणजे ठिपक्यांचे केळे वापरले, तर गूळ कमी लागतो. पिवळेधमक, टणक केळे वापराल तर गोडी येणार नाही आणि गरात गाठी राहतील. साल काळी झाली म्हणजे केळे कुजले असे नव्हे. सोलून पाहा, आतला गर मऊ, पण स्वच्छ असेल तर तो उत्तम. आंबूस वास येत असेल, पाणी सुटले असेल किंवा बुरशी दिसत असेल, तर मात्र मोह न धरता टाकून द्या. त्याच दिवशी करायला सवड नसेल तर गर कुस्करून डब्यात भरा आणि बर्फाच्या कप्प्यात ठेवा. वसईकडच्या बायकांनी राजेळी केळी उन्हात वाळवून सुकेळी केली, ती याच विचाराने. पिकलेल्या केळ्याला वाट पाहायला सांगण्याची ती एक रीत, ही दुसरी.

आता कृती सांगते. ज्यांना लिहून घ्यायची असेल त्यांनी वही काढावी.

साहित्य : पूर्ण पिकलेली दोन मध्यम केळी (साल काढून सुमारे २०० ग्रॅम गर), कणीक १२५ ग्रॅम, मैदा १२५ ग्रॅम, चिरलेला बारीक गूळ ४० ग्रॅम, घट्ट दही दोन मोठे चमचे, मोहनासाठी पातळ तूप दोन मोठे चमचे, बेकिंग पावडर दोन लहान चमचे सपाट, खाण्याचा सोडा लहान पाव चमचा, वेलची-जायफळाची पूड, चिमूटभर मीठ. वरून लावण्यासाठी थोडे तूप. हवी असल्यास दोन चमचे पिठीसाखर आणि थोडी दालचिनीची पूड.

कृती : परातीत केळी काट्याने किंवा हाताने अगदी एकजीव कुस्करावी. त्यात गूळ घालून तो विरघळेपर्यंत कालवावे, मग दही आणि तूप घालावे. कणीक, मैदा, बेकिंग पावडर, सोडा, मीठ आणि वेलची-जायफळ एकत्र चाळून घ्यावे आणि ते या मिश्रणात दोन-तीन हप्त्यांनी मिसळावे. येथे हात आवरता घ्यायचा आहे. पोळीची कणीक आपण तिंबतो, तशी ही तिंबू नये. जास्त मळले की पीठ चिवट होते आणि गोळे हलके होत नाहीत. कोरडे पीठ दिसेनासे झाले की थांबावे. केळी लहानमोठी असतात, दही कमीजास्त घट्ट असते. म्हणून पीठ हाताला फार चिकटले तर आणखी एक-दोन चमचे कणीक घालावी. पुरणपोळीच्या कणकेइतके सैल नको, पुरीच्या कणकेइतके घट्ट नको, मधले असावे. झाकून पंधरा मिनिटे ठेवावे. तेवढ्यात कणीक ओलावा ओढून घेते आणि पीठ आवरते होते.

मग हाताला तूप लावून लिंबाहून लहान गोळे करावे. या प्रमाणात सुमारे पंचवीस होतात. यंत्र १७० अंशांवर तीन-चार मिनिटे रिकामे तापवून घ्यावे. टोपलीला हलका तुपाचा हात लावावा, प्रत्येक गोळ्यावरही तूप पुसावे आणि गोळे एकमेकांपासून बोटभर अंतराने मांडावे, ते फुगतात. चार लिटरच्या टोपलीत एका घाण्याला आठ-नऊ मावतात. सहा मिनिटांनी टोपली ओढून गोळे उलटावे आणि पुन्हा चार-पाच मिनिटे ठेवावे. पहिल्या घाण्यातला एक गोळा मोडून पाहावा. आत ओला दिसला तर आणखी दोन मिनिटे द्यावी. यंत्रायंत्राचा स्वभाव निराळा असतो, म्हणून पहिला घाणा परीक्षेचा समजावा आणि वेळ वहीत लिहून ठेवावी. गोळे गरम असतानाच त्यांना पुसटसे तूप लावून दालचिनी-साखरेत घोळवावे. साखर नको असेल तर नुसतेही चांगले लागतात.

आता काही सूचना, ज्या यंत्राबरोबरच्या पुस्तिकेत बारीक अक्षरांत असतात आणि म्हणून वाचल्या जात नाहीत. अशी बरीच यंत्रे पंधराशे वॅटच्या आसपासची असतात. आपल्या घरच्या विजेवर ती साडेसहा अँपिअर प्रवाह ओढतात. तेव्हा पंख्या-दिव्याच्या सहा अँपिअरच्या लहान सॉकेटात ती लावू नयेत आणि जोडवायरीवर तर मुळीच नको. सोळा अँपिअरचे मोठे सॉकेट हवे. गरम हवा मागून बाहेर पडते, म्हणून यंत्र भिंतीला चिकटवू नये. वीतभर जागा सोडावी. टोपलीत कागद घालायचा असेल, तर त्यावर पदार्थ ठेवल्यावरच घालावा. यंत्र तापवताना नुसता कागद आत ठेवला, तर पंख्याच्या वाऱ्याने तो उडून वरच्या तापलेल्या तारेला चिकटेल आणि पेटेल. टोपली तारेच्या चोथ्याने घासू नये.

"गोळे कोरडे झाले," ही तक्रार पुष्कळ जणी करतात. त्याची कारणे बहुधा तीन : मोहन कमी, पीठ जास्त किंवा वेळ जास्त. "वरून करपले, आत कच्चे," याचे कारण उष्णता जास्त किंवा गोळे मोठे. "साबणासारखी चव आली," तर सोडा जास्त झाला. दह्याचा आंबटपणा थोड्याच सोड्याला पुरतो. उरलेला सोडा जिभेवर कळतो. आणि "तळल्यासारखी चव नाही," ही तक्रार असेल तर तिला उत्तर नाही, कारण ते खरेच आहे. आखाड तळायचा असेल तेव्हा कढई ठेवावी आणि मनापासून तळावे. वर्षातून काही दिवस कढईचे असतात. ते तिला द्यावे.

आता हिशेब करू, कारण गृहिणीसमोर बोलताना हिशेबाशिवाय सुटका नाही. तीन घाण्यांना अर्धा तास धरला आणि यंत्राने सारा वेळ पुरी वीज ओढली असे मानले, तरी पाऊण युनिटच्या वर जात नाही. तेलाची बचत तर उघड आहे. कढईत घाण्यागणिक तेल कमी होते, ते कोठे जाते हे तुम्हाला सांगायला नको. शिवाय तळून उरलेल्या तेलाचा प्रश्न असतोच. ते पुन्हा पुन्हा तापवले की बिघडते. तेलात विशिष्ट घटकांचे प्रमाण २५ टक्क्यांच्या पुढे गेले तर ते वापरू नये, असा नियम १ जुलै २०१८ पासून खाद्यपदार्थ विकणाऱ्यांसाठी लागू आहे. घरी ते मोजायचे साधन नसते. आपण रंगावरून आणि वासावरून अंदाज करतो, आणि काटकसरीच्या नादात पुष्कळदा त्या अंदाजाचा आवाज ऐकत नाही.

परंतु हिशेबाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. तेल कमी झाले म्हणजे साखर कमी झाली असे नव्हे. मैदा मैदाच राहतो, गूळ गूळच राहतो, आणि केळ्याची साखर केळ्यातच असते. "तेलाचे नाही ना, मग दहा खाल्ले तरी चालतील," असे म्हणून मधुमेह असलेल्या माणसापुढे ताटली सरकवू नये. त्यांना किती द्यायचे हे त्यांचे डॉक्टर सांगतील. हा गोड पदार्थ आहे, औषध नव्हे.

मग या यंत्राचा खरा लाभ कोणता? भगिनींनो, आज मला मुख्यतः हेच सांगायचे आहे, म्हणून दोन मिनिटे जास्त घेते.

तळण हा एकच प्रकार असा आहे की, तो करणारीला ओट्यापाशी बांधून ठेवतो. वरण-भात करून ठेवता येतो, पोळ्या डब्यात ठेवता येतात. पण पुरी-भजी गरमच हवीत. म्हणून पंगत बसते आणि तळणारी उभी राहते. माझ्या सासूबाईंनी सणासुदीला शेकड्यांनी पुऱ्या तळल्या. "अजून दोन गरम येऊ द्या," हे शब्द बाहेरून आले की त्यांना धन्यता वाटे. परंतु त्यांनी स्वतः टम्म फुगलेली, वाफ निघणारी पुरी खाल्लेली मी इतक्या वर्षांत पाहिली नाही. त्या बसत तोपर्यंत तळाशी उरलेल्या चार मऊ पुऱ्या असत, आणि "मला अशाच आवडतात," असे त्या म्हणत. अशाच आवडतात असे म्हणणाऱ्या किती जणींना खरोखर तशाच आवडत असतील?

पुढे वयोमानाने त्यांचा हात कापू लागला. कढईजवळ जाऊ नका, असे आम्ही सर्वांनी काळजीपोटीच सांगितले. ते बरोबरही होते. पण ज्या स्वयंपाकघरात त्या पन्नास वर्षे मालकीण होत्या, तेथे त्या दाराशी उभ्या राहून पाहणाऱ्या पाहुण्या झाल्या. "मी काही करू का?" असे त्या विचारीत आणि आम्ही "तुम्ही आराम करा," म्हणत असू. हा आराम माणसाला किती थकवतो, हे ज्याला तो मिळतो त्यालाच कळते.

यंत्र आमच्याकडे मुलाने आणले. गोळे करायला उभे राहावे लागत नाही आणि उकळत्या तेलाजवळही जावे लागत नाही. आता सासूबाई खुर्चीवर बसून, परात पुढे घेऊन गोळे वळतात. हात कापतो म्हणून एखादा गोळा वाकडा होतो. भाजल्यावर त्याचाही डोनटच होतो. केळे पुरेसे पिकले आहे की नाही, हा निर्णय त्यांचा. वेलची किती, हाही त्यांचाच. टोपली आत घालणे आणि बाहेर काढणे हे आमचे काम, कारण तीही तापलेलीच असते आणि तिच्यातूनही वाफ येते. घाणा आत गेला की त्या आमच्याबरोबर टेबलाशी बसतात आणि बाहेर आला की पहिला गोळा त्यांच्या बशीत पडतो. गरम गोळा फुंकर घालून खाताना "जायफळ थोडे जास्त झाले," असा शेरा त्या मारतात, आणि तो शेरा ऐकून आम्हाला फार बरे वाटते.

परंतु हे यंत्राने केले, असे कोणी समजू नका. यंत्र वेळ झाली की घंटा वाजवते. घंटा वाजल्यावर कोणी उठायचे, हे यंत्र ठरवीत नाही. ते घरातल्या माणसांनी ठरवायचे असते. घंटा वाजली आणि दर वेळी सर्वांच्या माना त्याच एका बाईकडे वळल्या, तर कढई गेली काय आणि टोपली आली काय, तिच्या पानावरचे अन्न थंडच राहणार. उलट घरात असे ठरले की पहिला घाणा मुलाने काढायचा, दुसरा नातीने, तिसरा यजमानांनी, तर साध्या कढईच्या घरातही तळणारीला गरम पुरी मिळू शकेल. हे यंत्र घेण्याची ऐपत सर्वांची नसते, आणि ते घेतलेच पाहिजे असेही नाही. हेच गोळे जाड बुडाच्या आप्पेपात्रात, थेंब थेंब तूप सोडून, मंद आचेवर झाकण ठेवून उत्तम होतात. त्यासाठी पीठ दोन चमचे दुधाने सैल करावे एवढेच. पण पाळी लावणे ही गोष्ट अशी आहे की तिला पैसा लागत नाही, आणि म्हणूनच कदाचित ती आपल्याला सुचत नाही.

तेव्हा वहीत कृती लिहून घेतली असेल, तर तिच्या शेवटी माझी एक ओळ वाढवा : 'वाढताना करणारीचे पान आधी मांडावे.' १७० अंश आणि दोन चमचे मोहन विसरलात तरी चालेल, ते स्मरणिकेत छापून येईलच. ही ओळ तेवढी विसरू नका.

पहिला घाणा आता झाला आहे. चिटणीसबाई सकाळपासून सतरंज्या घालण्यापासून माईक लावण्यापर्यंत धावपळ करीत आहेत आणि अजून बसलेल्या नाहीत. त्यांनी कृपा करून येथे येऊन बसावे, आणि पहिली बशी त्यांनी घ्यावी. दुसरा घाणा काढायला मागच्या रांगेतून कोणी दोघी पुढे याव्यात.